कूलरसमोरची जागा

अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. चोपड्याजवळच्या एका खेड्यात तिची केळीची बाग आहे, आणि क्रिकेटचं वेड इतकं, की घरातल्यांच्या दुखण्यांआधी तिला खेळाडूंच्या दुखापती ठाऊक. पण वीसेक वर्षांत तिने भारताला जिंकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि हे पाप माझं.

तेव्हा मी नववीत होते, उन्हाळ्याच्या सुटीत धुळ्याहून तिच्याकडे गेले होते. खानदेशातलं मे महिन्यातलं ऊन ज्याने सोसलंय, त्याला कूलरसमोरच्या जागेची किंमत सांगायला नको. मॅच चालू होती. मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात अक्का बागेतून आली आणि माझ्या जागेवर बसली. अंगावर केळीच्या चिकाने काळे डाग पडलेलं लुगडं. घर तिचं, कूलरही तिचाच, पण मला राग आला. त्याच बॉलला आपली विकेट पडली आणि मी संधी साधली.

"अक्का, तू आलीस की विकेट पडते. तू बाहेर बस."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून परसात गेली. हातची गेलेली मॅच आपण जिंकलो. झालं! तेव्हापासून मॅच असली की तेच डागाळलेलं लुगडं नेसायचं आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर, भिंतीकडे तोंड करून बसायचं.

आधी आम्ही हसायचो. मग माझं हसू थांबलं. घरातल्या ओरडण्यावरून चौका की छक्का हे ती अचूक सांगायची. आपली विकेट गेल्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्यावरून कोण आउट झाला हेसुद्धा. भिंतीकडे बघत बसलेली ही बाई टीव्हीसमोरच्या आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मॅच बघते, असं मला वाटायचं.

गेल्या वर्ल्डकपच्या फायनलला मी मुद्दाम गेले. महिन्यापूर्वीच तिचा मोतीबिंदू काढला होता. आता तरी तिने बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. शेवटच्या ओव्हर राहिल्या, आपली बोलिंग होती. मी परसात जाऊन तिच्याशेजारी बसले आणि इतकी वर्षं गिळलेलं सांगून टाकलं. तुझ्यामुळे विकेट पडत नव्हती अक्का, मला कूलरसमोर बसायचं होतं. मी खोटं बोलले होते.

ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

"माले तव्हयच समजनं व्हतं," ती म्हणाली. "कूलरसाठे बोलनी तू. पन मी उठीसन बाहेर गऊ आनि आपला जितनात, ते तं खरं शे ना?"

म्हणजे इतकी वर्षं ती फसलेली नव्हतीच.

"पण अक्का, तुला बघावंसं नाही वाटत?"

"वाटस ना. पन बठ्ठा पाहतस. राखनले कोन्ही नको का?"

सगळेच बघत बसले तर राखणीला कोण? बागेची राखण करणारी बाई ती. तिच्या लेखी यात त्याग वगैरे काही नव्हतं, एक काम होतं आणि ते कुणीतरी करायचं होतं. मला रडू आलं, तेवढ्यात घरात आरोळी उठली.

"त्यास्नी विकेट पडनी," अक्का म्हणाली.

शेवटची ओव्हर सुरू होणार होती. मी विज्ञान शिकवते, वर्गात अंधश्रद्धेवर तासभर बोलू शकते. मी आत जायला उठले, तर अक्काने माझा पदर धरला.

"आते तूबी उठू नको. तू आठे बसनी आनि विकेट पडनी."

आत सगळे माझ्या नावाने हाका मारत होते. मी दगडावर परत बसले, भिंतीकडे तोंड करून. अक्काने मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या.