उघड्या हातांची पोळी

लांब पोळी उघड्या हातांवरच होते. कणीक सैल, इतकी सैल की परातीतून उचलली तर हातातून पळते. तिला आपटून आपटून तार आणायची, ओल्या हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. ही कला मी सासरी, वडनेरला शिकले आणि लवकरच सासरच्यांच्या पुढे गेले. हे मी स्वतः सांगू नये, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

आणि पुरळ उठलं ते नेमकं त्याच हातांवर. आधी मच्छर चावल्यासारखे दाणे, मग खाजवून खाजवून खपल्या, खपली पडली की काळा डाग, आणि डागाशेजारी नवा दाणा. पायांवरही तेच. पिपरी मेघेत आमच्या घरामागे एक रिकामा प्लॉट आहे, त्यात कमरेएवढं गाजरगवत. सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. आम्ही ते उपटून काढलं. मी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळी केल्या. शेजारणीने सांगितलं म्हणून वांगंसुद्धा सोडलं. आमच्याकडे वांगं सोडणं हे संन्यास घेण्यापेक्षा अवघड असतं. खाज मात्र तसूभर कमी झाली नाही.

शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले, वजन उतरलंय का विचारलं आणि समजावून सांगून रक्ताची तपासणी करायला लावली. एचआयव्ही निघाला. मग नवऱ्याचीही तपासणी झाली. त्यालाही निघाला.

कुणाकडून कुणाला, यावर आम्ही पुष्कळ भांडलो. दोघंही थकलो तेव्हा भांडण संपलं. आता जेवणं झाली की दोघं शेजारी बसून एकाच वेळी एकच गोळी घेतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं एवढं एकमत कशावरच झालेलं नव्हतं.

"मच्छरच चावलेत, गवताचं काही नाही," डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "पण अंगातली ताकद कमी झाली ना, म्हणून एवढ्याशा चाव्यानेही कातडी बिथरते. गोळ्यांनी ताकद आली की पुरळ जाईल. डाग थोडे राहतील."

म्हणजे गाजरगवताचा बळी फुकटच गेला.

पुरळ गेलं, पण सावकाश गेलं. मलमं झाली, खाजेच्या गोळ्या झाल्या, काही महिने तर वाटायचं की हे हात आता असेच राहणार. मग एक दिवस सकाळी जाग आली आणि लक्षात आलं की रात्रभरात आपण एकदाही खाजवायला उठलो नाही. मी खाटेवर बसून रडले. नवरा घाबरून म्हणाला, "काय झालं वो?" मी म्हटलं, "झोप झाली." इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

पण खरी परीक्षा पुढे होती. वडनेरच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्या हळदीला आमरसाबरोबर माझ्याच लांब पोळ्या, हे ती परकरात होती तेव्हापासून ठरलेलं. जेवणातून किंवा हात लागून हा आजार होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. गप्प बसले असते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण जाऊबाईंना उद्या दुसरीकडून कळलं तर? ज्या घरात ही कला शिकले, त्याच घरात माझ्या पोळीची किळस वाटावी, हे मला सहन झालं नसतं. म्हणून मुद्दाम वडनेरला गेले. जाऊबाई तुरीची डाळ निवडत होत्या.

"बाई, मले एचआयव्ही हाये," मी एका दमात सांगितलं. "दवाई चालू हाये. जेवनातून होत नाई, हात लागून होत नाई. पन तुमाले सांगतल्याबिगर मी कनकेत हात नाई घालत."

त्यांचा हात सुपातच थांबला. मग सूप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "चहा मांडतो थांब." चहा दिला, नेहमीच्याच कपात दिला. पण पोळ्यांचं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढे फोन आला तोही एवढाच, "हयदीले येजो."

मी लांब बाह्यांचं पोलकं घालून गेले. अंगणात चूल पेटली होती, मडकं उपडं ठेवलं होतं, परातीत कणीक भिजलेली होती. मी तिकडे बघितलंच नाही. आंबे पिळणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसले.

जाऊबाई तरातरा आल्या. "अवं, इकडं काऊन बसली? आंबे कोनीबी पियते. मडकं तापून राह्यलं तिकडं!" मला दंडाला धरून उठवलं, चुलीपाशी नेलं, आणि सगळ्यांसमोर माझ्या दोन्ही बाह्या स्वतःच्या हाताने कोपराच्या वर सारल्या. उन्हात सगळे डाग दिसले.

"हे डाग कायचे वो?" एका म्हातारीने विचारलंच.

"कातडी बिघडली होती तिची. दवाई चालू हाये, आता बरी हाये," जाऊबाईंनी परस्पर सांगून टाकलं. मग घराकडे तोंड करून नवरीला हाक मारली. "हयद लागाच्या आंधी हात धुऊन इकडं ये! सासरी तुले ह्या पोया कोन शिकवन? काकूच्या हाताखाली हात धर."

पोरगी आली. जाऊबाईंनी तिच्याही बाह्या सारल्या आणि तिचे ते गोरे, नितळ हात माझ्या डागाळ हातांखाली नेऊन लावले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. कणीक माझ्या कोपरापर्यंत आली, तिथून घसरत पोरीच्या हातांवर गेली आणि मधोमध फाटली.

"आई, फाटली!" पोरगी ओरडली.

"फाटू दे," जाऊबाई म्हणाल्या. "कनीक लय हाये, आन् काकूबी हाये."