तळाचे चार शिक्के

शिवाजीनगरच्या स्टँडवर नगरची एसटी लागली आणि मी खिडकीची जागा पकडली. शेजारच्या गृहस्थांनी बसल्या बसल्या विचारलं, "पिशवीत काय आहे हो, एवढी पोटाशी धरलीत ती?" मी म्हटलं, "कपडे." पिशवीत एक भिंग होतं, पतंगाचा पातळ कागद होता, पेन्सिल होती आणि एक वही होती. त्या सभ्य माणसाशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण जुन्या चांदीचा नाद लागला की माणूस आधी खोटं बोलतो आणि कारण नंतर शोधतो.

मला हा नाद बारा वर्षांपासून आहे. जुन्या बाजारात घेतलेल्या पहिल्याच कॉफीच्या किटलीने माझे डोळे उघडले. विकणारा शपथेवर सांगत होता, विलायती चांदी आहे, राजाच्या वेळची आहे. बायकोने ती चार वेळा राखेनं घासली आणि आतून पितळ डोकावलं. तेव्हापासून कुणी शपथ घेतली की मी दोन पावलं मागे सरतो. घरात आज पंधरा-वीस अस्सल वस्तू आहेत, पण सगळ्या अलीकडच्या, फार तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या. मला हवी होती ती इंग्लंडच्या पहिल्या किंवा दुसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातली एक तरी वस्तू. म्हणजे आपल्याकडे पेशवाई भरात होती तेव्हाची. घड्याळ असो, मेणबत्तीचं घर असो, काहीही चाललं असतं. आणि नगरला गोऱ्यांची मोठी छावणी होती. साहेब लोक गेले, पण जाताना सगळंच काही बोटीत चढलं नसणार.

शिरूरला घोडनदीच्या पुलावर गाडी थांबली तेव्हा खाली पाणी असं दिसलंच नाही. पुढे रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. आमची गाडी गेली की त्यांच्यावर धुळीचा लोट बसे, आणि त्या मान वर करून बघतही नसत. सुप्याला मी चहा घेतला. तो इतका गोड होता की दूध पातळ असल्याचं लपवायला साखर घातली असणार, असं मला वाटलं.

नगरात उस्मानभाई घड्याळजींचं दुकान शोधायला टांगेवाल्याने मला घेऊन दोन फेऱ्या मारल्या. दुकान शेवटी मी उतरलो होतो त्या लॉजच्या मागच्याच गल्लीत निघालं. उस्मानभाईंनी मला पत्राने बोलावलं होतं, 'जॉर्जच्या जमान्याचं टेबलावरचं घड्याळ' दाखवायला. साठीचे, बारीक अंगाचे, एका डोळ्याला भिंग कायमचं चिकटलेलं. मी घड्याळाचं मागचं दार उघडलं. तबकडी जुनी, लाकडी पेटीही जुनी, आणि आतली चाकं मात्र माझ्या वडिलांच्या वयाची.

"उस्मानभाई, यंत्र बदललेलं आहे."

"बदललेलंच आहे. माझ्या वालिदांनीच बदललं, कॅम्पातल्या मेजरसाहेबासाठी," ते शांतपणे म्हणाले. "पत्रात मी पेटी जुनी आहे असं लिहिलं. आतलं तुम्ही विचारलंच नाही."

मी उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "थांबा. शिंगणापूरला एका घरात चांदीचा मग आहे. एक कान, खाली शिक्के. मी लहानपणी पाहिला होता. ते लोक विकायचे नाहीत, पण बघून तर या."

विकायचे नाहीत म्हणजे भाव चढवायचा असणार, आणि उस्मानभाईंचं त्यात काहीतरी असणार, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने घोडेगावला उतरलो. जनावरांचा बाजार भरला होता. बैल, म्हशी, शेळ्या, धूळ आणि आरडाओरडा. मधेच दोन माणसं उपरण्याखाली एकमेकांचे हात धरून गंभीरपणे उभी होती. उपरण्याआड बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही, ही तिथली रीत. मी ती बराच वेळ पाहिली आणि मला ती फार आवडली. असा उपरण्याखालचा सौदा आमच्या जुन्या बाजारात का नाही, असंही वाटलं. एका झोपडीवजा हॉटेलात भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. ठेच्याने पुढच्या दोन मैलांत माझी जी अवस्था केली ती इथे लिहीत नाही.

शिंगणापूरपर्यंत एका बैलगाडीने नेलं. गाव लहान. शनिदेवाचा काळा पाषाण उघड्यावर, वर छप्पर नाही, आणि गावातल्या घरांना चौकटी आहेत पण दारं नाहीत. हे मी ऐकून होतो आणि खरं धरत नव्हतो. गाडीवाल्याला विचारलं, "खरंच चोरी होत नाही?"

"कोन करील? देव बगतोय. चोराचे डोळे जात्यात," तो म्हणाला.

मी मात्र पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दगडूबाबांचं घर गावाच्या टोकाला होतं. बाबा सत्तरीचे, उंच, कमरेत किंचित वाकलेले. त्यांची सून ओसरीवर सहा-सात महिन्यांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी आल्याचं कारण सांगताच बाबा आत गेले आणि देवळीतून (भिंतीतल्या कोनाड्यातून) मग घेऊन आले. तो तसाच, कुलूपकिल्ली नसलेल्या घरातल्या उघड्या देवळीत होता. माझ्या घरची चांदी दोन कुलपांत असते.

"इकायचा न्हाई बरं का सायेब," ते आधीच म्हणाले. "आमच्या घरात पोराचं उष्टावन ह्यातच हुतं. पयली खीर ह्या मगातली. माजं झालं, माज्या पोराचं झालं. ह्या पोरीचं रईवारी हाय."

"मग मला का दाखवताय?"

बाबांनी आवाज खाली आणला. दार नसलेल्या घरात आवाज खाली आणून फारसा उपयोग नसतो. शेजारच्या ओट्यावर त्यांच्या भावकीतला सखाराम सुपारी कातरत बसला होता आणि त्याचा हात थांबलेला मला दिसला.

"माजा आजा कॅम्पात सायबाच्या घोड्याकडं हुता. बाळा सईस. सायेब इलायतेला जाताना त्यानं ह्यो दिला, असं आजा सांगायचा. पर म्हातारपनी आज्याचे डोळे गेले. भावकी म्हनली, ह्यो मग चोरलाय, म्हनून देवानं डोळे नेले. साठ वर्सं झाली, अजून म्हनत्यात. ह्याच्या बुडाला काय तरी लिवलंय. आमाला वाचता येत न्हाई. तुमी जानकार हाय. काय लिवलंय तेवडं सांगा."

मी तो मग हातात घेऊन उजेडाकडे वळलो. घाट अगदी साधा, पोट किंचित फुगीर, कान दोन वळणांचा. असा मग मी फक्त चित्रात पाहिला होता. मी तो उलटा केला. तळाला काजळी आणि राख बसली होती. भिंगाखाली चार शिक्के दिसले. चालणारा सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, वर्ष सांगणारं एक अक्षर आणि कारागिराची खूण. मी पाचवा शोधू लागलो. माझ्या वहीत पाच होते, आणि पाचवं राजाचं मुंडकं. माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर ते मुंडकं होतं. इथे नव्हतं. बाजूला मात्र बारीक ओरखडे होते, कुणी चाकूच्या टोकानं खरवडल्यासारखे.

आता जे मी बोललो त्यात अर्धा संशय होता आणि अर्धी सौद्याची सवय. वस्तू आवडली की तिला नावं ठेवायची, म्हणजे ती हाताशी येते, हे माझ्या अंगात मुरलं आहे.

"बाबा, शिक्के पुरे नाहीत. मला तरी हे खोटे वाटतात," मी मोठ्याने म्हणालो. "आणि इथे कुणाचं तरी नाव होतं, ते खरवडून काढलेलं दिसतंय."

सखाराम ओट्यावरून म्हणाला, "ऐकलं का दगडूनाना? पुन्याचा मानूस बी तेच सांगतोय."

बाबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने पोरीला उचललं आणि ती आत गेली. मी तळावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली आणि शिक्क्यांचा ठसा घेतला. नगरात दाखवून खात्री करतो म्हटलं. बाबांनी मग माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बरं."

नगरला परत आलो तर उस्मानभाई संगमनेरला लग्नाला गेलेले. दोन दिवस काढावे लागले. भुईकोट किल्ला बाहेरून पाहिला, कॅम्पातल्या गुलमोहरांखाली फिरलो, ठेच्यानंतर ताकभातावर राहिलो. म्हातारा मला मुद्दाम घोळात घेतोय, आजोबांची गोष्ट ऐकवून मला विरघळवतोय, असं मी स्वतःला दोन दिवस पटवत होतो.

शनिवारी संध्याकाळी उस्मानभाई आले. त्यांनी ठसा दिव्याखाली धरला, डोळ्यावरचं भिंग नीट बसवलं आणि मग हळूच हसले.

"राजाची मुंडी शोधत होतात? ती तर सरकारने चांदीवर कर बसवला तेव्हापासूनची. दुसरा जॉर्ज मेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी. मुंडी नाही म्हणजे वस्तू त्याच्या आधीची. साहेब, तुम्ही जे शोधताय तेच हे आहे." त्यांनी वडिलांची एक फाटकी पुस्तिका काढून मला अक्षर जुळवून दाखवलं. दुसऱ्या जॉर्जच्या सुरुवातीच्या वर्षांतलं लंडन. माझ्या वहीत मी कुठल्याशा पुस्तकातून पुढच्या काळाचंच पान उतरवून घेतलं होतं.

मग त्यांनी ठसा थोडा तिरपा केला. "आणि हे ओरखडे नाहीत. लिहिलंय. चाकूनं, घाईघाईत." ते एकेक इंग्रजी अक्षर लावू लागले. मीही वाकलो. 'बाळा सईस याला दिला', आणि खाली साहेबाच्या नावाची दोन अक्षरं.

माझ्या मनात पहिला विचार कुठला आला ते लपवत नाही. आता म्हातारा तो मग कधीच विकणार नाही, हा. दुसरा विचार, हे सांगितलंच पाहिजे का, हा. तिसऱ्या विचाराला मला स्वतःची शरम वाटली आणि मी सकाळची पहिली गाडी धरली.

शिंगणापुरात पोचलो तेव्हा बाबांच्या अंगणात भावकी जमली होती. पाटावर आजीच्या मांडीवर ती पोर, कपाळाला कुंकू, ओठांना खीर. शेजारी तो मग, लखलखीत. मी गर्दीतून तसाच पुढे घुसलो आणि म्हणालो, "बाबा, माझं चुकलं. शिक्के खरे आहेत. आणि तुमच्या आजोबांचं नाव त्यावर लिहिलंय. साहेबाने स्वतः लिहून दिलाय."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या आजीकडे पाहिलं. आजीने खीर वाटीत काढली, तो मग पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला.

तळ तळहातासारखा गुळगुळीत होता. एक शिक्का नाही, एक ओरखडा नाही.

"सोनाराकडनं घासून घेतला," बाबा म्हणाले. "तुमी म्हनला खोटं हाय, कुनाचं तरी नाव खरवडलंय. लेकराच्या तोंडाला पयला घास खोट्या भांड्यातला कसा लावायचा? म्हनून समदं काडून टाकलं. आता ह्याच्यावर कुनाचंच काय न्हाई."

मी घाईघाईने पिशवीतून कागद काढला आणि सगळ्यांसमोर धरला. हे बघा, हा ठसा, हे नाव. कागद हातोहात फिरला. सखारामने तो उन्हात धरला, उलटसुलट केला आणि मला परत दिला.

"पेन्सिलीनं काय सायेब, कुनी बी काय बी काडील. मगावर दाखवा की."

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असतो तर अक्षरशः हेच बोललो असतो, आणि बारा वर्षं बोलतही आलो होतो. मी कागदाची घडी घातली.

"सखा, बस कर," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "त्या दिशी तुमी खोटं म्हनला, आमी मानलं. आज खरं म्हनताय, ते बी मानतो. बसा, खीर खावा."

मी बसलो. खीर खाल्ली.  भावकी हळूहळू पांगली. जाता जाता सखारामच्या मागून दोघं-तिघं हसत गेले.

बाबा मला गाडीरस्त्यापर्यंत सोडायला आले. तो मग त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून बरोबर आणला होता. बैलगाडीची वाट बघत उभे असताना त्यांनी तो पुढे केला.

"सायेब, आज्याचं नाव कुटं हुतं, तेवडं बोटानं दाखवता?"

मी ठशावर बघून जागा ठरवली आणि तळाच्या कडेजवळ बोट टेकवलं. मी बोट उचललं तसा त्यांनी तिथे स्वतःचा अंगठा ठेवला. ठसा मी त्यांना देऊन टाकला. गाडी वळणावर जाईपर्यंत ते तसेच उभे होते आणि अंगठा तिथेच होता.

पुण्याला पोचलो तेव्हा बायकोने रिकामी पिशवी पाहून विचारलं, "काय, या वेळी कुणी फसवलं नाही?" मी तिला सगळं सांगितलं. पाचव्या शिक्क्याची माझी चूक सांगितली, अंगणातलं सांगितलं, सखारामचं बोलणंही सांगितलं. तिने पिशवी खुंटीला लावली.

"म्हणजे त्या बाबांच्या आजोबांना भावकीने एकदा चोर ठरवलं होतं," ती म्हणाली, "आणि आता तुम्ही कायमचं."