वाकणारी नळी

आठवड्यापूर्वी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आतड्यात गेलेली नळी डॉक्टरांनी मला दाखवली. ओल्या दोरीसारखी ती त्यांच्या हातात लोंबत होती. "वळणावळणांतून जाताना ही मऊच लागते," ते म्हणाले. "दुखऱ्या जागी पोचली की तिला ताठ करतो, नाहीतर गाठीचा तुकडा निघत नाही." मग त्यांनी तुकड्याचा अहवाल सांगितला. गाठ बरी होणारी नव्हती.

असलं काही आमच्या घरात आजाऱ्याला सांगत नाहीत. आजोबांना सांगितलं नव्हतं, काकूलाही नाही. ती दोघं शेवटपर्यंत बरं व्हायची वाट पाहत गेली. या वेळी मी सांगणार होतो.

घरी येऊन अण्णांच्या खाटेशी बसलो. मोसंबं सोललं, उन्हाबद्दल बोललो, भाचीच्या परीक्षेबद्दल बोललो. सगळी वळणं मी त्या नळीसारखीच अलगद घेतली. शेवटी अण्णांनीच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

नेमक्या त्या जागी मला ताठ होता आलं नाही.

"साधी सूज आहे," मी म्हणालो.

अण्णांनी हातातली मोसंब्याची फोड न खाताच बशीत परत ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही हेच सांग."