दगडाबाई आणि आसारामचं भांडण

मी लग्न होऊन बोरमाळात आले ती सत्तर सालच्या वैशाखात. शेवगावपासून सात-आठ मैलांवरचं गाव. चौथ्या दिवशी शेजारच्या बायका मला पारापाशी घेऊन निघाल्या. "चल, आसारामचं भांडन हाय," म्हणाल्या. मला वाटलं, कुणाचा तरी तंटा मिटवायचा असेल.

पारावर एक उंच, काडीसारखा माणूस उभा होता. अगदी गंभीर चेहऱ्यानं तो सांगत होता, की बायको धाकात कशी ठेवावी ते त्याच्याकडून शिकून घ्यावं. "आमच्या घरात माजाच हुकूम चालतो," तो म्हणाला.

माझ्या अगदी शेजारून, पदराआडून आवाज आला, "व्हय व्हय, चालतो की. चालत चालत उंबऱ्यापातुर येतो, आन् तितंच बसतो."

"कोन बोललं त्ये?" आसाराम गरजला.

"न्हाई वळकलं त्येच बरं हाय. वळकलं तर आज सकाळी दळन कुनी दळलं त्ये सांगावं लागंल."

सगळा पार हसून लोळायला लागला. मी तोंड उघडं टाकून शेजारी बघत होते. डोक्यावरून पदर, मांडीत शेंगांचं सूप, हात शेंगा फोडतायत. ठेंगणी, सावळी, कुठंही दिसेल अशी बाई. "ही त्याची बायकू," कुणीतरी माझ्या कानात सांगितलं. "दगडाबाई. तुजी चुलत जाऊ लागती."

तिच्या आधीची दोन भावंडं गेली होती. हिला नजर लागू नये म्हणून आईबापांनी दगडा नाव ठेवलं. ती म्हणायची, "नाव लई कामाचं हाय. कुनी हाक मारली की आदी मारनाऱ्यालाच ठेच लागती."

ती पारावर मात्र कधी चढली नाही. तिची सासू साळूबाई कडक होती. नवरा लवकर गेलेला, एकटीनं पोरगा वाढवलेला. तिनं सुनेला एकच अट घातली होती. "बोलायचं तर बोल. पर चार मान्सांच्या वर उभं ऱ्हायाचं न्हाई." दगडाबाईनं ती पाळली. ती बायकांच्या घोळक्यात बसायची आणि तिथूनच आसारामचं एकेक बोलणं मोडून टाकायची. निम्म्या पुरुषांनी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. एकदा शेवगावच्या बाजारात तिनं नुसता कांद्याचा भाव विचारला. खाली मान घालून बसलेला कांदेवाला आवाज ऐकून ताडकन उभा राहिला. "बोरमाळच्या दगडाबाई का तुमी?" आणि बाई पुढं काही बोलायच्या आतच हसायला लागला.

हे सुरू कसं झालं, ते तिनंच मला सांगितलं. दोघं दर साल दिवाळीनंतर कोपरगावकडं ऊसतोडीला जायची. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकदा उसानं भरलेली गाडी पाटात रुतली. बैल हलेना. दिवसभराच्या कामानं तापलेला आसाराम सगळ्या तोडणाऱ्यांदेखत बायकोवर ओरडायला लागला. वीसभर माणसं कोयते थांबवून बघत राहिली. दगडाबाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली. ती बैलाजवळ गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तू मनावर नको घिऊ. मालक तुला न्हाई, मला म्हंत्यात. तू आपला हो म्होरं." आणि बैलानं गाडी ओढली! माणसं कोयते टाकून हसली. आधी आसारामचं तोंड पडलं, मग तोही हसला. दुसऱ्या दिवशी लोकच विचारायला लागले, "दगडाबाई, आज भांडन कवा?"

मी तिच्याजवळ बसून पुष्कळदा विचार केला, की हिला हे सुचतं कुठून. ती आधी काही ठरवत नसे. नवरा काय बोलणार ते तिला ठाऊक नसायचं. "मानूस फुशारकी माराया लागलं ना, की त्येचा आवाज जरासा वर जातो," ती एकदा म्हणाली. "तितं टाचनी लावायची. दुसरं काय न्हाई." मी घरी येऊन सासूच्या, नवऱ्याच्या बोलण्यात तो वर जाणारा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. मला काही तो सापडला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. ऊस नव्हता, म्हणून तोडणी नव्हती. सगळं गाव सरकारी दुष्काळी कामावर, माळावर खडी फोडायला गेलं. साळूबाईसुद्धा आली. मी आणि दगडाबाई एकाच रांगेत बसायचो. दुपारच्या सुट्टीत मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी सोडल्या, की आसाराम खडीच्या ढिगावर चढायचा.

"आमच्या घरात आजबी माजाच हुकूम," तो सुरू करायचा. "सकाळी उठलो की हुकूम सोडतो, पानी आन!"

"आन् मी म्हंते, कुटनं?" खालून आवाज यायचा. "तितं हुकूमबी आटतो."

मुकादम सूर्यभान फार करड्या स्वभावाचा होता. पहिल्या दिवशी तो ओरडत आला, की इथं तमाशा चालणार नाही. दगडाबाई पदर सावरून अदबीनं म्हणाली, "मुकादमसायेब, सरकारनं मान्साला मिलो दिला, सुकडी दिली. हसू तेवडं आमचं आमी घरनं आनलंय. त्येवर तरी सही नको." सूर्यभान पाठ फिरवून चालायला लागला. त्याचे खांदे हलताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून तो सुट्टीत ढिगाजवळच डबा उघडायला लागला. शेजारच्या कामावरची माणसंही माळ तुडवून यायला लागली. भेगाळलेल्या तोंडांची, धुळीनं पांढरी झालेली शे-दोनशे माणसं हसताना मी तिथं पाहिली, आणि त्यांना हसवणारी बाई हातातला हातोडा खालीसुद्धा ठेवत नव्हती.

थंडीत आसारामचा घसा बसला. आधी धुळीनं बसलाय असं वाटलं. मग गिळवेना, तेव्हा त्याला नगरला दवाखान्यात नेलं. घशात गाठ होती. ती काढली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, पण आवाज परत येणार नाही. महिन्यानं तो कामावर आला, तेव्हा बोलायला गेला की नुसता वारा निघायचा, फुटक्या भात्यासारखा. सुट्टीत तो सगळ्यांकडं पाठ करून बसायचा. कुणी त्याला काही विचारत नसे.

आणि दगडाबाईही गप्प झाली. आम्हांला ते जास्त जड गेलं. तिच्या हातोड्याचा तेवढा आवाज येई. एक दिवस न राहवून मी म्हणाले, "जाऊबाई, तुमी एकल्याच बोला की दोन शब्द. बायांना बरं वाटंल."

तिनं हातातला दगड फोडून ढिगावर टाकला. मग म्हणाली, "मनकर्णे, भांडायला दुसरं मानूस लागतं गं. एकलीनं बोललं तर त्ये भांडन न्हाई ऱ्हात. रडगानं हुतं."

त्र्याहत्तरच्या चैत्रातली गोष्ट. दोन दिवस पाण्याचा टँकर आला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या पिपांपाशी गर्दी झाली. आमच्या गावची माणसं आणि पलीकडच्या वाडीची माणसं, दोघांचं म्हणणं एकच, की टँकर आला की पहिला नंबर आमचा. शब्दानं शब्द वाढला. एकानं दुसऱ्याची घागर लाथाडली. कुणीतरी पहार उचलली. सूर्यभान मध्ये पडला तर त्यालाच धक्का बसून तो खाली आला. आम्ही बायका मागं सरलो.

तेवढ्यात आसाराम खडीच्या ढिगावर चढला. पूर्वी करायचा तसाच त्यानं हात वर केला. सवयीनं माणसं थांबली, वर बघायला लागली. त्यानं तोंड उघडलं. नुसता वारा. त्यानं परत जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या. काही नाही. पहार धरलेल्या माणसानंही नजर खाली घातली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आत्ता कसं शान्यावानी बोललात!"

माझ्या शेजारून आवाज आला. तोच आवाज, चार महिन्यांनी. कुणाला हसावं की नाही कळेना. आसारामनं गर्रकन वळून तिच्याकडं बोट रोखलं आणि ओठ हलवले.

"काय म्हनता? पुन्यांदा म्हना, मागल्या बायांला ऐकू न्हाई आलं!"

आसारामनं डोक्याला हात लावला. आधी एक म्हातारी फिसकन हसली. मग दुसरी. मग आम्ही सगळ्याच. पुरुषांकडं हसू पोचायला जरा वेळ लागला, पण पोचलं. आसाराम आता दोन्ही हात नाचवत काहीतरी सांगत होता. दगडाबाई टाचा उंचावून बघत होती. पुढं माणसांची भिंत. तिला त्याचा चेहरा नीट दिसेना.

साळूबाई आमच्या मागंच बसली होती. ती उठली, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा वर. हितनं त्येचं तोंड दिसत न्हाई तुला."

दगडाबाईनं सासूकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि खडीवरून घसरत, हातानं आधार घेत ती वर गेली. नवऱ्याशेजारी उभी राहिली. पहिल्यांदाच सगळ्यांना ती सबंध दिसली. त्याच्या खांद्याला लागेल एवढी.

आसारामनं रस्त्याकडं बोट केलं.

"हे म्हंत्यात, टँकर निगालाय," ती ओरडली.

त्यानं मान हलवली आणि दोन्ही जमावांकडं हात करून कान धरले.

"हे म्हंत्यात, पर तुमचं भांडन बगून डायव्हर भ्याला. तिकडंच हुबा हाय. म्हंतो, तुमी कान धरा, मंग येतो."

आसाराम कपाळ बडवायला लागला. "हे म्हंत्यात, मी असं बोल्लोच न्हाई!" तिनं लगेच सांगितलं. "आता तुमीच सांगा, बोल्ले असते तर ऐकू नसतं आलं?"

हा घाव तिनं स्वतःच्याच घरावर घातला होता. ज्या गोष्टीकडं बघायला आम्ही सगळे घाबरत होतो, ती तिनं उचलून भर उन्हात सगळ्यांपुढं ठेवली, आणि आसाराम त्या दिवशी चार महिन्यांत पहिल्यांदा हसला. आवाज न करता, पोट धरून. पहार कधी खाली ठेवली गेली ते कुणी पाहिलंही नाही. टँकर दिवस कलताना आला. दोन्ही गावच्या बायका एकाआड एक उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांचा खेळ असाच झाला. तो हातवारे करायचा, ती चुकीचा अर्थ सांगायची, तो चिडायचा, ती त्या चिडण्याचाही अर्थ सांगायची. पाऊसपाणी झाल्यावर दोघं परत कोपरगावकडं तोडणीला गेली, तिथं कारखान्याच्या आवारात त्यांच्यासाठी दोन गाड्या जोडून फळ्या टाकल्या गेल्या. चौऱ्याहत्तरमध्ये शेवगावच्या बाजारतळावर मी हजारभर माणसं मोजली, मग मोजणं सोडून दिलं. साळूबाई पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीला ती बजावत होती, "त्ये दोगंबी माजी."

मी एकदा दगडाबाईला विचारलं, की भावजी काय म्हणतात ते तुम्हांला खरंच कळतं का. "कळतं की," ती म्हणाली. "कळल्याबिगर चुकीचं कसं सांगावं?"

त्या बाजारच्या दिवशी आम्ही पायीच गावाकडं निघालो. ती दोघं माझ्या पुढं वीसेक पावलं होती. रस्त्याला दुसरं कुणी नव्हतं. दगडाबाई नेहमीसारखी काहीतरी बोलत चालली होती. आसाराम ऐकत होता. मध्येच तो थांबला, दोन बोटं वर केली, भुवया उडवल्या आणि हातानं काहीतरी एक छोटीशी खूण केली. मागून मला ती नीट दिसली नाही.

दगडाबाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. पदर तोंडाशी धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आसाराम बाजूला उभा राहून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, तिचं हसू संपायची वाट बघत होता.