भागूबाईचे इंग्रजी शब्द

आमच्या घराखाली बाबांचे कापड विणायचे चार लूम आणि वर माळ्यावर मी. एम.ए.ला इंग्रजी घेतल्यापासून मला जुन्या शब्दांचं, त्यातही भित्र्यांसाठीच्या शब्दांचं वेड लागलं होतं. दुपारी फोनवर शब्दकोश उघडायचा आणि खडखडाटात अर्धवट झोपेत तरंगत राहायचं. जमीन थरथरायची, कापसाची तुसं उन्हात फिरायची आणि कुठल्या कुठल्या शतकांतली भित्री माणसं माझ्या उशाशी येऊन बसायची.

'कॉवर्ड' मुळात शेपटीवरून आला, हे कळल्यावर मी खुदकन हसले. म्हणजे साहेबही शेपूटच घालत होता तर! 'मिल्कसॉप' म्हणजे दुधात भिजवलेला पाव, आपली भागूबाई. 'लिली-लिव्हर्ड' माणसाच्या काळजात रक्तच नाही, ते लिलीच्या फुलासारखं पांढरं. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं की तो पळणार असं धरायचे, म्हणून भित्र्याची खूणही पांढरं पीसच. मला ही सगळी मंडळी फार गोड वाटायची, कारण मी त्यांच्यातलीच होते.

रविवारी कोन गावचे गोदामवाले माझ्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होते. मुलगा मला मुळीच आवडला नव्हता. पण स्थळ आईने ठरवलेलं, आणि आईपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

शनिवारी मी खाली गेले. बाबा लूमपलीकडे तुटलेला धागा जोडत होते. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार, म्हणून मी मोकळेपणी बोलून टाकलं, "मला नाही करायचं हे लग्न."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. जन्म लूमवर काढलेली माणसं कानांनी ऐकत नाहीत, ओठ वाचतात. हे लहानपणापासून ठाऊक असून मी विसरले होते. मग त्यांचेही ओठ हलले, "मलाबी पोरगा पसंत न्हाय. पन तुझ्या आईला कोन सांगंल?"

मला रडू आणि हसू बरोबरच फुटलं. बापलेक एकाच माळेचे मणी!

मग चालू शिफ्टमध्ये कधीही लूम न थांबवणाऱ्या बाबांनी एकेक करून चारही बंद केले. इतकी शांतता झाली की आई घाबरून जिन्यात आली.

"पोरीला ह्यो लगीन न्हाय कराचा," ते म्हणाले, "आन् मलाबी न्हाय पटत."

लूमवाल्याचा गळा तो, हळू बोलणं त्याला माहीतच नाही. अख्ख्या गल्लीने ऐकलं, आणि आता ते मागे घेणं आईच्याही हातात राहिलं नाही.