दोन बोटं कमी

"धोंडीची बोट गेली." मुंबईच्या गोदीत काम करणारा आमच्या गावचा ज्ञानू अंगणात उभा राहून एवढंच बोलला. धोंडीच्या आईने, आमच्या तानूकाकीने, ऐकलं ते "बोटं गेली". कोळशाच्या कामात हात सापडतो, बोटं जातात. हातातलं जोंधळ्याचं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "गेली तर गेली रं. पोरगं तर हाय न्हवं?" ज्ञानूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली...

लढाईत शिपाई पडला तर घरी तार येते. धोंडी मालाच्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा. तार पाठवावी इतकाही तो कुणाचा नव्हता!

खरं तर शिपाई व्हायलाच गेला होता. कोरेगावच्या बाजारात भरतीची गाडी आली, तेव्हा मी इंग्रजांच्या लढाईला माणूस देऊ नका म्हणून पत्रकं वाटत होतो. माझ्याच पत्रकात शेंगा बांधून हा गडी रांगेत उभा! छाती दोन बोटं कमी भरली. हसत बाहेर आला. "बोटांनी अडवलं गड्या, आता बोटीनंच जातो."

त्या बोटीचं नाव छापायला बंदी आहे. तिची हकिगत मात्र मी छापणार, कारण दुसरं कुणी छापणार नाही. आधी ती कापूस आणि सरकी नेई. लढाई लागली तशी करडा रंग फासून, मागच्या टोकाला जुनी तोफ बसवून तिला जुंपली. बसऱ्याला खेचरं, सुएझला दारूगोळा, येताना जखमी माणसं. रजेवर आला की धोंडी सांगे, "तोफवाल्याला आभाळ तरी दिसतं. आमाला कवा उजाडलं त्ये बी कळत न्हाई."

"मग कशाला मरतोस तिथं?"

"मी थांबलो तर बोट थांबतीया. बोट थांबली की तुजी लढाई बंद!"

"माझी नाही, साहेबाची."

"मग साहेबाला सांग की कोळसा टाकाय."

ज्ञानूची बातमी आली, तरी धोंडी वाचला असेल या आशेवर मी काकीची समजूत तशीच ठेवून लष्कराची कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "सैनिक नव्हता. आमच्याकडे त्याचं काही नाही." मग मुंबई. बोटीच्या मालकांचा माणूस चहा पीत म्हणाला, "भट्टीखान्यातलं कुणी वर आलं नाही." घरी का कळवलं नाही, विचारलं, तर त्याने खांदे उडवले. सैनिक नव्हता म्हणे! बोट फोडणाऱ्याने आधी विचारलं होतं का, यात शिपाई कोण आणि कोळसेवाला कोण?

मी परतलो, तोवर काकीने सुताराकडून जाड दांड्याची लाकडी पळी करून घेतली होती. बोटं नसली तर भाकरी मोडणार कशी? मुठीत धरून कालवलेलं तरी खाईल. "दांडा बघ रं," ती म्हणाली, "त्याच्या पंजात बसंल का?"

"आवं काकी..." आणि मी सांगितलं. बोटं नव्हे, बोट.

काकीने पळी हातात फिरवली. "छातीची दोन बोटं मोजाय सरकार हुतं," ती म्हणाली, "आन् आख्खा माणूस गेला तवा कुणीच न्हाई?"

याला महिना होत आला. गेल्या बाजारी भरतीची गाडी पुन्हा आली. माझी पत्रकं अजून काखेतच होती, एवढ्यात काकी रांगेतून सरळ पुढे गेली. पोरं बाजूला सरली. फीत घेऊन उभ्या असलेल्या शिपायासमोर तिने ती पळी धरली.

"घे," म्हणाली, "ह्याचं माप घे."