विहीणबाईंचा परिचय

मुलीनं एका डच मुलाशी लग्न ठरवलं आणि त्याची आई तिकडची माजी मंत्री निघाली. मंत्र्यांशी कसं वागतात ते मला ठाऊक नाही. पण इथं लंडनच्या मराठी मंडळात प्रमुख पाहुण्यांचा परिचय मीच करून देतो. म्हणून विहीणबाई पहिल्यांदा हाउन्सलोला आमच्या घरी जेवायला येणार म्हटल्यावर मी शाल आणली, नारळ आणला आणि त्यांची सगळी कारकीर्द पाठ केली.

"बाबा, हे काय फंक्शन आहे का?" मुलगी म्हणाली. "आणि प्लीज, रेझिग्नेशनचं बोलू नकोस. त्यांच्या घरी तो विषय कोणी काढत नाही."

मी कबूल केलं.

मंत्रीबाईंच्या मोटारीला जागा हवी म्हणून मी आमची गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली. परत येतो तो फाटकाशी पाठीवर सॅक घेतलेल्या एक बाई. त्या विमानतळावरून बसनं आल्या होत्या. मला शेजारी समजून त्यांनी मलाच माझं घर विचारलं.

मग जेवायच्या टेबलाशी बसवून त्यांना शाल पांघरली, नारळ दिला आणि टीव्हीशेजारी उभा राहून मी सुरू झालो. आधी गावची नगरपालिका, मग संसद, मग बंधारे आणि रस्त्यांचं खातं. पुढे एकदम विद्यापीठातली नोकरी. मध्ये दोन वर्षं रिकामी. मी अडखळलो. खात्यानं संसदेला अपुरी माहिती दिली, म्हणून या बाईंनी मंत्रिपद सोडलं होतं. आणि त्यांचाच परिचय मी अपुरा द्यायचा? ते काही माझ्याच्यानं होईना. मी राजीनामा सांगून टाकला, कारणासकट.

मुलगी छताकडे बघू लागली. "अहो," बायको म्हणाली, "कोशिंबीर गरम होतेय."

विहीणबाईंनी शाल सारखी केली. "माझ्या निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी हे गाळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगाही गाळतो."

"तुला त्रास होईल म्हणून, आई," होणारा जावई म्हणाला.

"आयुष्यात धडपणे केलेलं ते एकच काम, आणि त्याचंच कोणी नाव घेत नाही." मग माझ्याकडे वळून, "आता तुमचा परिचय?"

"कौन्सिलचं हिशेब खातं. पहिल्यापासून तेच."

"राजीनामा?"

"मी गेलो तर कोणाच्या लक्षात येईल, अशी जागाच मिळाली नाही."

त्या इतक्या हसल्या की शाल आमटीत गेली.

जेवणानंतर त्यांनी सांगितलं की लग्नात त्यांच्या बाजूचं भाषण मीच करायचं, काही न गाळता. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक आहे. पण बाबा, नगरपालिका नको."

नगरपालिकेशिवाय सुरुवात कुठून करायची, हे मला अजून सुचलेलं नाही.